टाकीचा श्रावण

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे किस्से न मागता साठतात. रक्त द्यायला आलेला माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर भीतीपोटी भलतंच काहीतरी बोलून जातो. रिपोर्ट लोक संध्याकाळी घेऊन जातात, किस्से मात्र आमच्याच गळ्यात! मी मुरबाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं टेक्निशियन होते. सापगावहून रोज एसटीने यायचे-जायचे. लॅबमध्ये आम्ही तिघंच. डॉक्टर, मी आणि काउंटर सांभाळणाऱ्या सुगंधाबाई. सगळे किस्से सांगायला बसले तर तुमचा चहा गार होईल, म्हणून आज फक्त माशांच्या टाकीचे सांगते. म्हणजे खरं तर मासे नसलेल्या टाकीचे. साल दोन हजारच्या पुढचं, लोडशेडिंगने सगळ्यांचा जीव खाल्ला होता त्या काळातलं.

आमचे डॉक्टर म्हणजे अतिशय कमी बोलणारा माणूस. पेशंट रामायण सांगत असला तरी यांची वाक्यं दोनच. "मूठ आवळा." आणि "झालं." सुगंधाबाई म्हणायच्या, यांच्या बायकोला घरात रेडिओ लावून बसावं लागत असेल.

* * *

हे सगळं सुरू झालं सोमीमुळे.

सोमी टोकावड्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथली. सात-आठ वर्षांची. आईबाप वीटभट्टीवर, त्यामुळे तिला आजा घेऊन यायचा. तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषधं चालू केली होती आणि दर महिन्याला रक्त तपासून आणा म्हणून बजावलं होतं. हयगय केली तर दुखणं हृदयावर जाईल, असं त्यांनी आज्याला सरळच सांगितलं होतं.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की जेवणानंतरची शुगर सोडली तर तपासणी कुठलीही असो, डॉक्टर सगळ्यांना उपाशीपोटीच बोलवायचे. म्हणजे ही पोर पहाटे उठणार, डोंगर उतरणार, पहिल्या एसटीने रिकाम्या पोटी मुरबाडला येणार, आणि वर आम्ही तिला सुई टोचणार! का नाही ओरडणार ती? आषाढातल्या एका सकाळी मी तिचा हात धरला आणि तिने माझ्या मनगटाला असा काही चावा घेतला की सुगंधाबाई म्हणाल्या, "ताई, आता आधी तुमचंच रक्त तपासा."

तेवढ्यात सोमी पळाली ती थेट एसटी स्टँडवर. आज्याने तिला पकडून आणलं, पण म्हातारा पार थकला होता. बाकड्यावर बसून म्हणाला, "डॉक्टर, आता नाय आणायचा हिला. दुखन्यानं जाईल तवा जाईल. हितं भ्यानंच मरतंय पोर."

सोमी मात्र रडायची थांबली होती. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्या महिन्याच्या पानावर समुद्रातला मासा होता. नारिंगी अंग आणि त्यावर पांढरे पट्टे. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. मी त्या वेळात रक्त काढून घेतलं. थोडं रडली, पण निभावलं.

आणि मग आमच्या मुक्या डॉक्टरांनी तोंड उघडलं. "पुढच्या महिन्यात ये. हाच मासा इथे दाखवतो. जिवंत."

सोमीने आज्याकडे बघितलं. आजा म्हणाला, बरं, आणतो. ते गेल्यावर सुगंधाबाईंनी मला हळूच विचारलं, की डॉक्टरांना बरंबिरं नाही का?

* * *

रविवारी डॉक्टर मुंबईला गेले आणि काचेची मोठी टाकी, हवेचा पंप, मिठाची बादली असं सगळं टेम्पोत घालून घेऊन आले. मासे सोडून सगळं होतं! तोंड मात्र उतरलेलं. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, की नव्या खाऱ्या टाकीत लगेच मासे सोडले तर मरतात. आधी नुसतं पाणी तयार व्हावं लागतं. त्याला महिना लागतो, कधी जास्तही.

डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्या भाषेत समजावलं. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. पाण्यात एक प्रकारचे जंतू वाढले की ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जंतू त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला सोसतं. हे जंतू आपोआप वाढतात, पण त्यांना घाई चालत नाही. थोडक्यात काय, तर टाकीला अजून किडनी नाही.

मी म्हटलं, डॉक्टर, मग गोड्या पाण्यातला गोल्डफिश आणू या, पोरीला काय कळतंय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी कॉटनचे बोळे करायला बसले.

किडनीचं मात्र सुगंधाबाईंनी मनावर घेतलं. मासे कुठे आहेत असं कोणी विचारलं की त्या सांगायच्या, हिच्या किडन्या तयार व्हायच्यात, मग येतील. एका म्हातारीने ते नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुतण्याला घेऊन हजर! बिचाऱ्याची एक किडनी गेलेली. म्हातारी काचेवर हात ठेवून म्हणाली, "याच्यासाठी पण एक करून ठेवा."

त्या दिवसापासून डॉक्टरांनी किडनीचं नाव काढायला बंदी केली.

* * *

पाणी खारट करायचं काम सुगंधाबाईंकडे आलं. मीठ खास टाकीचं होतं, आणि किती घातलं हे बघायला काचेची एक नळीही होती. पण सुगंधाबाईंनी सवयीने बोट बुडवून जिभेला लावलं. पुढची पाच मिनिटं त्या मोरीत चुळा भरत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढं मीठ आमटीत घातलं तर माझा नवरा ताटासकट मला बाहेर फेकंल."

* * *

आता त्या जंतूंना वाढायला खाणं पाहिजे. दुकानदाराने सोपा उपाय सांगितला होता. एक कच्ची कोलंबी टाकीत टाकायची आणि कुजू द्यायची. त्यातून अमोनिया होतो आणि काम सुरू होतं.

हे डॉक्टरांनी आम्हाला कधी सांगावं? तर गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी! ते स्वतः जन्माचे शाकाहारी, त्यांच्या डोक्यात गटारी कुठून येणार? आदल्या दिवशी अख्ख्या मुरबाडने मासळी-मटणाचा फडशा पाडला होता, आणि आता श्रावण लागला होता. बाजारात कोळणी नाहीत. माझ्या घरी मासळीची भांडीसुद्धा माळ्यावर गेलेली. सुगंधाबाई तर श्रावणात कांदा-लसूणही सोडायच्या. कोलंबी म्हटल्यावर त्यांनी कानांवर हात ठेवले.

शेवटी आठवण झाली बबनशेठची. टोकावड्याला त्यांचा ढाबा होता, आणि शुगर असल्यामुळे आमच्याकडे नेमाने येणं-जाणं. डॉक्टरांनी फोन केला. बबनशेठ म्हणाले, काळजी करू नका, काल रात्रीचा माल शिल्लक आहे. दुपारी स्वतः डबा घेऊन आले. उघडून बघतो तर हळद, तिखट, आलं-लसूण लावलेली, रव्यात घोळवलेली, छान खरपूस तळलेली कोलंबी! वर लिंबाची फोडसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, अहो, कच्ची पाहिजे होती. बबनशेठ हळहळले. "कच्ची काय खाताय डॉक्टर. आयुष्यात पयल्यांदा खाताय तर नीट खा ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रीजमधली कच्ची कोलंबी आणून दिली आणि ती टाकीत पडली. सुगंधाबाईंनी आपला जेवणाचा डबा उचलून पायरीवर नेला. नाकाला पदर लावून दोन दिवस काउंटरवर बसल्या. पण मग कोणी मासे विचारले आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "टाकीचा श्रावण चालू हाय. मासे नंतर."

काय सांगू तुम्हाला, ते सगळ्यांना एका फटक्यात पटलं! अमोनिया नाही, जंतू नाहीत, किडनी नाही. श्रावण म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारायचंच नाही. लोक मान डोलवायचे आणि बरोबर आहे म्हणून बसायचे. फक्त एका चौकस मास्तरांनी चष्मा वर करून आत बघितलं आणि म्हणाले, बाई, श्रावण पाळतेय म्हणता आणि पोटात तर कोलंबी दिसतेय?

सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, "असे आपल्यात पण असतात, मास्तर."

* * *

नारळी पौर्णिमेला आणखी गंमत. समुद्र मुरबाडात आलाय म्हटल्यावर त्याला नारळ नको? सकाळी मी पोचले तर टाकीच्या झाकणावर नारळ, काचेला हळदकुंकू, आणि शेजारच्या शिंप्याची बायको हात जोडून उभी. इथपर्यंत ठीक होतं. पण नदीच्या पुलावरून जाताना आपण पैसा टाकतो ना, तसं कोणीतरी पाण्यात नाणंही टाकलं होतं. धातू पाण्यात उतरला तर मासे कधीच जगणार नाहीत! डॉक्टर शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारून कुजक्या कोलंबीच्या पाण्यात नाणं चाचपत होते, आणि शिंप्याची बायको मला सांगत होती, की डॉक्टर भाविक आहेत हे आजच कळलं.

* * *

श्रावणातच सोमीची तारीख आली.

ती दारातून आत आली, आजा मागोमाग. ती सरळ टाकीपाशी गेली. काचेला नाक लावून सगळीकडे बघितलं. मग वळून डॉक्टरांना म्हणाली, "मासं कुठं हायेत?"

खरं सांगते, आदल्या दिवशी आम्ही सगळे डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. मी, सुगंधाबाई, बबनशेठसुद्धा. एक मासा आणा आणि सोडा, तिने बघितला की झालं, मग मेला तर मेला. आज्याने पुढच्या वेळी आणलं नाही तर काय करणार आपण? डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की उद्या जिवंत बघेल आणि पुढच्या वेळी विचारेल तेव्हा काय सांगू?

आता ते तिच्यासमोर उकिडवे बसले. हातात नवी सिरिंज घेतली, सुई न लावता. टाकीतलं पाणी ओढलं, काचेच्या नळीत घातलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. पिवळं पाणी बघता बघता हिरवं झालं.

"टाकी आजारी आहे," डॉक्टर म्हणाले. "तिचंही रक्त तपासतो आम्ही. हिरवं आलं म्हणजे अजून बरी नाही. बरी झाली की मासे येणार."

सोमीने ती नळी हातात घेऊन उजेडात धरली. बराच वेळ बघितलं. मग टाकीच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली आणि हात पुढे केला. सुई गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, पण हात तिने हलवला नाही. निघताना दारातून मागे वळली आणि सुगंधाबाईंना विचारलं, "टाकीला परत कवा बोलावलंय?"

सुगंधाबाई म्हणाल्या, तुझ्याच दिवशी. आज्याने मान हलवली आणि तिला घेऊन गेला. मी देवाचे आणि डॉक्टरांचे दोघांचेही आभार मानले.

* * *

लोडशेडिंगचं राहिलंच. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यातली हवा कमी, आणि हवा कमी की डॉक्टरांचे लाडके जंतू गुदमरणार! मग डॉक्टरांनी युक्ती काढली. मोठा बीकर घ्यायचा, पाणी भरायचं आणि वरून सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. एकदा बबनशेठ जेवणानंतरच्या शुगरसाठी आले होते. जेवून दोन तास झाल्यावर रक्त द्यायचं असतं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्यांनी बीकर हातात घेतला. दोन तास तो जाडजूड माणूस घामाघूम होऊन पाणी वर-खाली करत होता.

सेलवरच्या छोट्या मशीनवर तपासली तर शुगर नॉर्मल! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांना वाटलं मशीन बिघडलं. वीज आल्यावर मोठ्या मशीनवर परत तपासली, तरी नॉर्मल. मग त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, बबनशेठ, रोज चाला म्हणून मी किती वर्षं सांगतोय?

बबनशेठ म्हणाले, "चालायचा कंटाळा येतो हो डॉक्टर. हितं लाइट परत कवा जानार ते सांगा."

* * *

श्रावण संपला तरी टाकी काही बरी होईना. अमोनियाची नळी आता पिवळीच राहायची, पण नायट्राइटची तपासणी वेगळी, ती नळी रोज जांभळी यायची. लोक विचारायला लागले, आता कसली वाट बघताय? सुगंधाबाईंचं उत्तर तयार, गणपती होऊन जाऊ द्या. तेही पटलं सगळ्यांना. आमच्याकडे बऱ्याच घरांत गणपती जाईपर्यंत मासळी शिजत नाही.

पण आम्हाला आतून धाकधूक. सोमीची तारीख विसर्जनानंतर लगेचच होती. डॉक्टर सकाळी आले की चप्पल काढायच्या आधी नळी भरायचे. मी काम करता करता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि चेहरा पडलेलाच. एवढी हुरहूर मला माझ्या बारावीच्या रिझल्टला नव्हती.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी आकाशासारखं निळं आलं. नायट्राइटच्या तपासणीत निळं म्हणजे साफ. डॉक्टरांनी परत केलं, परत निळं. मग मी केलं. सुगंधाबाई हे सगळं लांबून बघत होत्या. त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटांना जाहीर करून टाकलं, "टाकीचा रिपोर्ट नॉर्मल." आणि तुम्हाला खोटं वाटेल, बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या!

डॉक्टर त्याच दुपारी लॅब माझ्यावर टाकून मुंबईला गेले. दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन मासे घेऊन आले. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, अगदी कॅलेंडरातले. सुगंधाबाईंनी त्यांना उंबऱ्यावर थांबवलं, पिशवीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मगच आत घेतलं.

सोमी आली त्या दिवशी मी मुद्दाम काही बोलले नाही. ती टाकीपाशी गेली आणि तिथेच खिळली. मी स्टूल सरकवलं, ती बसली. मी दंडाला पट्टी बांधली, सुई घातली, रक्त घेतलं, कापूस लावला. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आजा दारात उभा राहून बघत होता, त्याने फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. मलाही रडू आलं. लहान मुलं रडताना मी हजारदा सुई टोचली असेल, पण त्या दिवसासाठी मी डॉक्टरांची जन्माची ऋणी आहे. त्यांनी आमचं ऐकलं नाही, हे किती बरं झालं!

* * *

त्यानंतर सोमीने एकही तारीख चुकवली नाही. पाऊस असो, एसटी बंद असो, आजा तिला घेऊन यायचाच. म्हणजे तीच त्याला घेऊन यायची. तिने माशांना नावं दिली होती, आणि ती फक्त सुगंधाबाईंनाच सांगितली होती. असं करता करता दोन वर्षं गेली. पोर अंगाने भरली, सांधे सुजायचे थांबले.

मग एकदा तिचा रिपोर्ट घेऊन आजा सरकारी दवाखान्यात गेला आणि तिथून सोमीला घेऊन परत आमच्याकडे आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता हिचं रक्त तपासायची गरज नाही. आमच्या डॉक्टरांनी कागद वाचला आणि चक्क हसले. आजा हात जोडून म्हणाला, "म्हंजी आता यायाचं नाय?"

"नाही. बरी झाली ती."

सुगंधाबाईंनी पेढे मागवायचं ठरवलं. मी टाकीकडे बघितलं तर सोमी काचेला कपाळ टेकून उभी. ती रडत होती. पूर्वी रडायची तशी किंचाळून नाही, आवाज न करता. मी जवळ घेतलं तर अंग आखडून घेतलं. सुगंधाबाईंनी बिस्किटाचा पुडा दिला, तो घेतला नाही. आजा ओशाळला. वेडी आहे म्हणाला, आणि तिचा हात धरून तिला दाराकडे न्यायला लागला.

डॉक्टर आत चालले होते, ते थांबले.

"पुढच्या महिन्यात परत आणा हिला."

आज्याचा चेहरा उतरला. घाबरून त्याने विचारलं, कागदात काही वाईट निघालं का?

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि हे बघा, उपाशी आणू नका. जेवून या."